वाडा पडतो तो पन्हळीपासून

नमस्कार मंडळी. विषय दिलाय ‘आपल्या पेठांचा वारसा’, त्यामुळे तुम्हाला वाटत असणार की हा आता शनिवारवाड्यापासून सुरू करणार, १७३२ साल, बाजीराव, दिल्ली दरवाजा वगैरे. नाही करत. शनिवारवाड्याला तिकीट आहे, बोर्ड आहे, वॉचमन आहे, त्याचं बरं चाललंय. मी बोलणारे ते ज्यांना बोर्ड नाही आणि ज्यात अजून सकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात अशा वाड्यांबद्दल, कारण जुने वाडे जपायला धडपडणारा आमचा गट पेठेतलाच, त्यात दोन-तीन आर्किटेक्ट सोडले तर बाकी रिटायर्ड मंडळी, शाळेतल्या बाई, एक फोटोग्राफर पोरगा, असा सगळा कारभार.

लोक म्हणतात बिल्डर वाडे खातात. खातात हो, पण बिल्डर शेवटी येतो. त्याच्या आधी वीस-तीस वर्षं पाणी येत असतं.

म्हणजे काय, तर आपला वाडा हा मुळात लाकडाचा सांगाडा आहे. खाली दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगड, तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळया, वर कडीपाट म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत, आणि मधल्या भिंती बऱ्याच ठिकाणी नुसत्या भरलेल्या, वजन मुख्यतः लाकडावर. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात विरघळल्या, वाडेच्या वाडे बसले, आणि कितीतरी घरं तिकडून उठून सहकारनगर, गोखलेनगरला गेली ती परत पेठेत आलीच नाहीत. तो एका दिवसातला पूर होता. छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीतून होतं तेच, फक्त सावकाश. कौल सरकतं, पन्हळीत पिंपळाचं रोप येतं, पाणी भिंतीत उतरतं आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक भिजत राहतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, टोकाला केकसारखा आत जातो.

त्यात आपण काय करतो, तर ओल दिसली की सिमेंटचा गिलावा. जुन्या लोकांनी चुना वापरला, बैलाने फिरवायच्या चुन्याच्या घाणीत मळलेला, त्यात गूळ, बेलफळाचा गर घालायचे, तो चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट सोडत नाही. बाहेरून भिंत छान गुळगुळीत, आत लाकूड कुजतंय, आणि मालक खूश की पैसे कारणी लागले. म्हणून आमच्या गटाचं पहिलं काम हेरिटेज वॉक नाही, मे महिन्यात पन्हळी साफ करणं हे आहे. कोणी फोटो काढायला येत नाही त्याला 😄

बरं, मालक दुरुस्ती का करत नाही? इथे सगळे मालकाला शिव्या घालतात. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या आसपास गोठवली, १९९९चा नवा कायदा आला तरी वाढ वर्षाला चार टक्के, म्हणजे ज्या खोलीचं भाडं तीस रुपये आहे तिथे वाढ एक रुपया वीस पैसे. त्यात कडीपाट कोण बदलणार? आणि भाडेकरू म्हणतो वाडा माझा नाही, मी का खर्च करू, आणि मालकाचे चुलत-मावस वारस कोण अमेरिकेत कोण कोथरूडला, प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव. सह्याच होत नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि वाडा दोघांच्या मधे गळतोय.

भिडेवाड्याचं घ्या. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती जागा, दगडूशेठच्या समोर. महत्त्व माहीत नाही असं पुण्यात कोणी होतं का? दर ३ जानेवारीला तिथे माणसं जमायची. पण जागेचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं, आणि २०२३ला निकाल लागून ताबा मिळेपर्यंत इमारतीची अशी दशा झालेली की स्मारकासाठी ती पाडायचीच होती. आता स्मारक होईल, चांगलं होवो. पण सगळ्यांना माहीत असलेली वास्तूसुद्धा कागदांमध्ये अडकून जाऊ शकते, तिथे आपल्या गल्लीतल्या वाड्याची काय कथा!

उलट विश्रामबागवाडा बघा. १८०७चा, दुसऱ्या बाजीरावाचा, १८७९ला त्याला आग लागली तरी आज उभा आहे, तो दर्शनी सज्जा, सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब, खाली लोंबणारी लाकडात कोरलेली केळफुलं, सगळं बघायला मिळतं. कारण तो कायम कोणत्या ना कोणत्या कामात राहिला, कधी पाठशाळा, कधी नगरपालिकेची कचेरी, कधी पोस्ट. रिकामा वाडा लवकर मरतो हे माझं मत आहे, आर्किटेक्ट ताई मान हलवतायत म्हणजे बरोबर असावं. म्हणून आम्ही मालकांना ‘जपा’ असं नुसतं सांगत नाही, खालच्या चौकात क्लास काढा, खानावळ काढा, अभ्यासिका काढा असं सांगतो.

आणि जे वाचणारच नाही त्याचं काय, तर पडायच्या आधी मापं घ्यायची. प्लॅन काढायचा, प्रत्येक खणाचा, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेचा, फोटो, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. यात एक गंमत सांगतो, काकांना विचारलं की ते टिळक आणि पेशवे सांगतात, काकूंना विचारलं की आड कुठे होता, बाळंतिणीची खोली कोणती, नळ आल्यावर हौदावर जाणं कधी बंद झालं, कोणत्या जिन्याने सोवळ्यातल्या बायका जायच्या, हे सगळं मिळतं. कात्रजहून नळातून पेठांच्या हौदांमध्ये पाणी यायचं हे पुस्तकात आहे, पण त्या हौदावर कोणाला पाणी भरू द्यायचे आणि कोणाला नाही, हे माणसांकडूनच कळतं, आणि तेही लिहायचं, गाळायचं नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून इथे कागद सांभाळतंय, पेशवे दफ्तर आहे, कागदांची कमी नाही. पण माजघरातला इतिहास दफ्तरात गेलेलाच नाही.

तर रविवारी सकाळी सातला वाड्याची मापं घ्यायला जमायचंय, टेप धरायला दोघं आणि लिहायला एक असे गट करू. जिना अरुंद आहे, डोकं आपटतं, उंच मंडळींनी सांभाळून. घरात जुने फोटो असतील तर मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहून आणा, नाहीतर ‘हे कोण बरं’ करण्यातच दिवस जातो. आता प्रश्न विचारा, फक्त ‘आमच्या वाड्याला एफएसआय किती मिळेल’, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येईल, हा प्रश्न असेल तर तो ताईंना विचारा, मी चहा घेतो तोपर्यंत.