फारकत: मुळात हा एक कागद होता

आज बोलायचंय ते ‘फारकत’ या शब्दाबद्दल. पेपरात रोज दिसतो बघा, अमक्या पक्षाने आघाडीशी फारकत घेतली, तमक्याचं बोलणं वास्तवाशी फारकत घेणारं आहे वगैरे. म्हणजे आपल्या डोक्यात अर्थ काय, तर तोडलं, लांब गेले, संपलं. ‘फरक’ शब्दासारखा कानाला लागतो त्यामुळे तर हा समज अजूनच पक्का होतो.

पण जुन्या कागदांत हा शब्द ‘फारखत’ असा येतो, आणि तिथे तो सरळ उलगडतो. फारिग म्हणजे मोकळा, सुटलेला, आणि खत म्हणजे लिहिलेला कागद, आपण खरेदीखत गहाणखत म्हणतो ना तेच खत. दोन्ही शब्द अरबी, आपल्याकडे फारसीतून आले. बोलता बोलता मधला ग गेला, मग ख चा क झाला आणि फारकत उरली. पुढे तर लोक ‘फारकतनामा’ म्हणायला लागले, म्हणजे शब्दात आधीच एक कागद होता तो विसरला गेला आणि वरून दुसरा कागद जोडला! मला हे फार बोलकं वाटतं. मराठीत याचा अगदी जुळा शब्द आहे, सोडचिठ्ठी, फक्त तिच्यातली चिठ्ठी अजून दिसते.

आता हा कागद कशाचा? १८५५ साली एच. एच. विल्सन या इंग्रज अभ्यासकाचा महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा मोठा कोश निघाला, त्यात हा शब्द आहे, आणि अर्थ हाच, येणं फिटल्याची, दावा सोडल्याची लेखी कबुली. कर्ज फिटलं, भागीदारी मोडली, नवराबायको वेगळे झाले, सगळीकडे हाच शब्द. काडीमोड त्याहून वेगळी, तिथे चारचौघांसमोर काडी मोडली की झालं, कागद नाही.

माझं म्हणणं असं की यातली खरी गोष्ट क्रियापदात आहे. फारखत *लिहून देतात*. ज्याचं येणं आहे तो देतो, आणि ज्याच्यावर बोजा आहे तो सुटतो. आज आपण फारकत *घेतो*, म्हणजे जाणाराच स्वतःला मोकळं करून घेतो, समोरच्याला विचारायचं कारणच नाही. देणारा माणूसच वाक्यातून गायब झाला, आणि मला हे नुकसान वाटतं, कारण करार संपणं म्हणजे नुसतं उठून जाणं नव्हे, हिशेब पुरा होणं.

कायद्यात मात्र तो देणारा अजून शाबूत आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम ६३ काढून बघा. ज्याला वचन दिलंय तो ते सगळं किंवा थोडं माफ करू शकतो, आणि खाली उदाहरण आहे की ‘अ’ कडून ‘ब’ ला ५,००० रुपये येणं आहे, ‘अ’ ने ठरल्या वेळी ठरल्या जागी २,००० दिले आणि ‘ब’ ने ते पूर्ण फेड म्हणून घेतले, तर सगळं कर्ज संपलं. उरलेल्या ३,००० साठी ‘ब’ ला परत दारात जाता येत नाही. कलम ६४ त्याच्या शेजारीच आहे: रद्द करण्याजोगा करार (म्हणजे फसवून किंवा दबावाने करून घेतलेला, असा) ज्याने रद्द केला त्याने समोरच्याकडून त्यात जे मिळवलं ते शक्य तेवढं परत करायचं. म्हणजे रद्द करणाऱ्यालाही हात झटकून निघता येत नाही, आधी घेतलेलं द्यावं लागतं.