सुनक यांनी नेमकी कुणाची मनधरणी केली?

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यापासून कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ ते पनवेलपर्यंत जिथं कुठं आपण ऐकत असाल, तिथं आपलं स्वागत. आजचा विषय आहे ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक आणि त्यांच्या हुजूर पक्षाची ओसरलेली मतं.

२४ ऑक्टोबर २०२२ ला सुनक यांची पक्षनेतेपदी निवड झाली, तो दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा होता. आपल्याकडे त्यांचं भरभरून कौतुक झालं, आणि ते स्वाभाविकही होतं. पण राजकारणी माणूस जोखायचा तो त्यानं कुणासाठी काय केलं आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून गेले यावरून. या कसोटीवर सुनक यांची वीस महिन्यांची कारकीर्द तपासण्यासारखी आहे. मतदारांच्या एका गटाची मनधरणी करता करता बाकीचे सगळे गट कसे निसटतात, हे तिच्यात आकड्यांनिशी दिसतं.

आधी निकाल पाहू. २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतं आणि ३६५ जागा मिळाल्या होत्या. ४ जुलै २०२४ ला त्याच पक्षाच्या हाती २३.७ टक्के मतं आणि १२१ जागा उरल्या. मतांची संख्या जवळजवळ १ कोटी ४० लाखांवरून ६८ लाखांवर आली, म्हणजे निम्म्याहूनही खाली. विजयी मजूर पक्षाची मतं मात्र वाढलेली नव्हती. २०१९ मध्ये त्यांना सुमारे १ कोटी २ लाख मतं मिळाली होती आणि ते दणकून हरले होते. २०२४ मध्ये सुमारे ९७ लाख मिळाली आणि ४११ जागा आल्या. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच पद्धत आहे, मतदारसंघात ज्याला सर्वात जास्त मतं तो निवडून येतो. त्यामुळे हा निकाल घडवला तो हुजूर पक्षाच्या गळतीनं. गळती कुठून सुरू झाली, हेच आपल्याला बघायचं आहे.

सुनक यांना घर पडझडीतच मिळालं होतं, हे आधी मान्य करायला हवं. त्यांच्या आधीच्या लिझ ट्रस यांनी २३ सप्टेंबर २०२२ ला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे कुठून आणणार ते सांगितलं नाही. पौंड कोसळला, सरकारी रोख्यांचे भाव पडले आणि बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. दोन वर्षांच्या स्थिर व्याजाची गृहकर्जं सहा टक्क्यांच्या वर गेली. ज्यांचे हप्ते वाढले त्यांत याच पक्षाचे बरेच मतदार होते, घर घेतलेले नोकरदार. जानेवारी २०२३ मध्ये सुनक यांनी पाच वचनं दिली. त्यातलं महागाई निम्मी करण्याचं वचन वर्षअखेरीपर्यंत पुरं झालं. रुग्णालयांची प्रतीक्षायादी कमी करण्याचं वचन फसलं. ती यादी ७२ लाखांवरून वाढून त्या वर्षीच्या सप्टेंबरात ७७ लाखांवर गेली.

खरा फाटा फुटला तो २०२३ च्या उन्हाळ्यात. २० जुलैला एकाच दिवशी तीन पोटनिवडणुका झाल्या. यॉर्कशायरमधल्या सेल्बी अँड एन्स्टी इथं हुजूर पक्षाचं २०,१३७ चं मताधिक्य मजूर पक्षानं पार केलं. सॉमरसेटमधल्या सॉमरटन अँड फ्रोम इथं एकोणीस हजारांचं मताधिक्य लिबरल डेमोक्रॅट पक्षानं उलटवलं. तिसरी जागा पश्चिम लंडनमधल्या अक्सब्रिजची. बोरिस जॉन्सन यांनी ती २०१९ मध्ये ७,२१० मतांनी जिंकली होती. आता हुजूर पक्षानं ती राखली, पण ४९५ मतांनी.

अक्सब्रिजमध्ये प्रचार एकाच मुद्द्यावर झाला. लंडनचे महापौर सादिक खान प्रदूषण आकाराची हद्द उपनगरांपर्यंत वाढवणार होते. जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड. २००६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना तो लागणार नव्हता, पण जुनी डिझेल व्हॅन घेऊन फिरणाऱ्या सुताराला, प्लंबरला तो चांगलाच बोचणारा होता. हा लंडनपुरता, महापालिकेच्या पातळीवरचा प्रश्न. यॉर्कशायर आणि सॉमरसेटच्या मतदारांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिथं जे बोललं गेलं ते घरखर्च आणि आरोग्यसेवा याबद्दल.

सुनक यांच्या सल्लागारांनी धडा घेतला तो ४९५ मतांच्या निकालातून. तीन उत्तरपत्रिकांपैकी काठावर पास झालेली एकच पुढ्यात ठेवून वर्षभराचा अभ्यास ठरवावा, तसं झालं. मला ही त्यांची सर्वात मोठी चूक वाटते. पुढं २०२४ मध्ये ती अक्सब्रिजची जागाही मजूर पक्षानं घेतली.

दोन महिन्यांनी, २० सप्टेंबरला, सुनक यांनी नव्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवरची विक्रीबंदी २०३० वरून २०३५ वर ढकलली. कागद जवळून पाहिला तर काय दिसतं? बंदी फक्त नव्या गाड्यांच्या विक्रीवर होती. जुनी गाडी वापरायला किंवा विकत घ्यायला कुणाचीच आडकाठी नव्हती. शिवाय कंपन्यांनी दरवर्षी किती टक्के गाड्या बिनधुराच्या विकायच्या, ही सक्ती तशीच राहिली: २०२४ मध्ये २२ टक्के, २०३० पर्यंत ८० टक्के. अक्सब्रिजच्या प्लंबरला यातून एक पौंडही वाचला नाही. ज्या मोटार कंपन्यांनी २०३० धरून कारखान्यात पैसे घातले होते त्या मात्र नाराज झाल्या, आणि फोर्डनं ते उघडपणे सांगितलं. त्याच भाषणात मांसावरचा कर, गाडीत सक्तीनं सहप्रवासी घेणं आणि घरटी कचऱ्याचे सात डबे हे सगळं रद्द केल्याचंही जाहीर झालं. यातल्या एकाही गोष्टीचा कायदा झालेला नव्हता. नसलेलं संकट टाळल्याचं श्रेय घेतलं की टाळी मिळते, पण कुणाचं काही बदलत नाही. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणाऱ्या नवी मुंबईकरांना हे चटकन कळेल. डब्यांचा प्रश्न सुटतो तो घंटागाडी वेळेवर आल्यावर.

मग ४ ऑक्टोबर २०२३. मँचेस्टरमध्ये पक्षाचं अधिवेशन होतं, आणि सभागृह होतं जुन्या मँचेस्टर सेंट्रल रेल्वे स्थानकाची इमारत. तिथं उभं राहून पंतप्रधानांनी बर्मिंगहॅम ते मँचेस्टर या वेगवान रेल्वेमार्गाचा टप्पा रद्द केला. वाचलेले ३६ अब्ज पौंड रस्ते, बस आणि स्थानिक रेल्वेसाठी देऊ म्हणाले. सोबत जी कामांची यादी आली तिच्यात मँचेस्टर विमानतळापर्यंतची ट्राम होती. ही ट्राम २०१४ पासून धावते आहे. यादी घाईत जुळवली होती हे कुणालाही दिसत होतं. उत्तर इंग्लंडमधल्या ज्या कामगारवस्त्यांनी २०१९ मध्ये पिढ्यांची निष्ठा सोडून हुजूर पक्षाला मत दिलं, त्यांना विकासाचा शब्द देऊन आणलं होतं. तो शब्द त्यांच्याच दारात जाऊन मागं घेतला गेला. मे २०२४ मध्ये बर्मिंगहॅम ज्यात येतं त्या वेस्ट मिडलँड्सचे हुजूर महापौर अँडी स्ट्रीट, ज्यांनी या निर्णयाला जाहीर विरोध केला होता, १,५०८ मतांनी हरले. मोठं काम रखडलं तर लोक वैतागतात, तरीही वाट पाहतात. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. इतकी वर्षं खारघर-तळोज्याच्या लोकांनी कळ काढली. अर्ध्यात रद्द झालेल्या कामाची मात्र वाट बघण्यासारखं काही उरत नाही.

करांची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण मनधरणीचं गणित कुठं चुकलं ते इथं स्वच्छ दिसतं. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा राष्ट्रीय विमा आधी १२ टक्के होता. जानेवारी २०२४ मध्ये तो १० वर आणला, एप्रिलमध्ये ८ वर. ३५,००० पौंड पगाराचा माणूस घ्या. पहिले १२,५७० पौंड सोडून उरतात २२,४३०. त्यावर चार टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ९०० पौंड वाचले. चांगली रक्कम आहे. पण आयकराची १२,५७० ची मर्यादा गोठवलेली होती, २०२८ पर्यंत. पगार महागाईबरोबर वाढला की वाढलेला भाग करात जातो, आणि एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं परत घेतलं जातं. हे गोठवणं सुरू केलं होतं मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात, अर्थमंत्री असलेल्या सुनक यांनीच.

निवृत्त लोक राष्ट्रीय विमा भरतच नाहीत. म्हणजे पक्षाचा जो सर्वात पक्का मतदार, त्याला या कपातीतून काहीच मिळालं नाही; आयकराच्या गोठलेल्या मर्यादेचा चिमटा मात्र बसत राहिला. पूर्ण सरकारी पेन्शन ११,५०० च्या वर पोचली होती, म्हणजे करमर्यादेपासून हजारभर पौंड लांब. मग निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून पेन्शनरांसाठी करमर्यादा वेगळी वाढवण्याचं आश्वासन देण्यात आलं. स्वतःच निर्माण केलेल्या अडचणीतून सोडवण्याचं हे वचन होतं.

त्याच आठवड्यात अठरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय सेवेची सक्ती जाहीर झाली. वर्षभर लष्करात, त्याच्या ३०,००० जागा. नाहीतर महिन्यातून एक शनिवार-रविवार समाजसेवा. खर्च वर्षाला अडीच अब्ज पौंड, आणि त्यातले दीड अब्ज मागास भागांच्या विकासनिधीतून. काही दिवस आधी याच सरकारच्या संरक्षण खात्याच्या मंत्र्यानं संसदेत लेखी उत्तर दिलं होतं की अशी कोणतीही योजना नाही. ज्यांच्यावर सक्ती होणार त्या पिढीला कुणी विचारलं नाही. टाळी हवी होती आजोबांची. युगव्ह या संस्थेच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये माणूस वयाच्या ३९ व्या वर्षी हुजूर पक्षाकडे जास्त झुकायला लागायचा. २०२४ मध्ये ते वय ६३ झालं. साठीच्या पुढच्या मतदारावर चालणारा पक्ष दर निवडणुकीला आपोआप आटत जातो.

आणि त्या ज्येष्ठांनाही धरून ठेवता आलं नाही. ६ जून २०२४ ला नॉर्मंडीच्या लढाईला ऐंशी वर्षं झाली. वृद्ध सैनिक अजून तिथं असताना सुनक दूरचित्रवाणीच्या मुलाखतीसाठी लवकर परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. देशभक्तीच्या नावावर मतं मागणाऱ्याला हे कसं परवडणार?

आता नायजेल फराज यांचा, स्थलांतराला कडाडून विरोध करणारा रिफॉर्म पक्ष. या मुद्द्यावर फराज यांच्याकडे जाणारा मतदार रोखायचा म्हणून सुनक यांनी रवांडा योजनेवर सगळं पणाला लावलं. छोट्या बोटींतून येणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडा देशात पाठवायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती बेकायदा ठरवली. मग रवांडा सुरक्षित आहे असं म्हणणारा कायदाच केला. एप्रिल २०२४ मध्ये तो मंजूर झाला, आणि महिनाभरात निवडणूक जाहीर करून सुनक यांनीच सांगितलं की निकालाआधी विमान उडणार नाही. सक्तीनं पाठवलेला एकही माणूस तिथं पोचला नाही. स्वखुशीनं गेले ते चौघे. पुढच्या सरकारनं या सगळ्याचा खर्च ७० कोटी पौंड सांगितला. रोज स्थलांतराचाच विषय पेटता ठेवायचा आणि त्यात दाखवायला काही नाही, याचा फायदा साहजिकच फराज यांना झाला. ज्याची भूमिका मुळातच कडक आहे त्याला सोडून लोक नक्कल कशाला घेतील? ३ जूनला फराज स्वतः रिंगणात उतरले. दहा दिवसांनी युगव्हच्या एका चाचणीत रिफॉर्म १९ आणि हुजूर १८ टक्क्यांवर होते.

रिफॉर्मला शेवटी १४.३ टक्के मतं आणि पाच जागा मिळाल्या, लिबरल डेमोक्रॅटांना १२.२ टक्के आणि ७२. दक्षिण इंग्लंडच्या सुखवस्तू भागात हुजूर पक्षाचा मवाळ मतदार लिबरलांकडे गेला आणि कडवा रिफॉर्मकडे. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलं गेलं की ४५ टक्क्यांची जागाही हातची जाते.

जनमत चाचण्या वाचताना म्हणूनच नुसता पुढचा-मागचा आकडा बघू नका. हजारभर लोकांच्या चाचणीत तीन टक्के इकडे-तिकडे धरायचेच. युगव्हच्या त्या १९ आणि १८ मधला फरक त्यातच मोडतो. महत्त्वाचं असतं ते मागच्या वेळी ज्यांनी मत दिलं त्यांचं आज काय म्हणणं आहे हे कोष्टक. मतदानही बघा. ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिलं, म्हणजे बरेच जण घरीच बसले.

निवडणुकीआधीची घोषणा ऐकली की पाच गोष्टी विचाराव्यात: पैसे कोण भरणार, लागू कधी होणार, अधिकार खरंच या सरकारचा आहे का, आदेश निघाला की नुसतं भाषण झालं, आणि लाभ मिळणाऱ्याला तो खरंच लागणारा आहे का. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ऐरोली, वाशी, मुलुंडचा आनंदनगर नाका त्यातच. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची तारीख जाहीर झाली. वेळ निवडणुकीची होती, पण आदेश त्याच रात्री लागू झाला आणि गाडीवाल्याच्या हातात पैसे राहिले. बुडालेला महसूल कोण भरतो, हा प्रश्न तिथंही विचारायलाच हवा. सुनक यांच्या बहुतेक घोषणा दुसऱ्याच पायरीवर, लागू कधी होणार याच प्रश्नावर अडल्या.

हुजूर पक्षाचं नेतृत्व नोव्हेंबर २०२४ पासून केमी बेडनॉक यांच्याकडे आहे. १ मे २०२५ ला इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. त्यावरून बीबीसीनं देशभरासाठी जो अंदाज बांधला त्यात रिफॉर्मला ३० टक्के, मजूर पक्षाला २०, लिबरल डेमोक्रॅटांना १७ आणि हुजूर पक्षाला १५ टक्के होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पक्षानं युरोपियन मानवाधिकार करारातून बाहेर पडण्याची भूमिका घेतली, जी फराज यांची कितीतरी आधीपासूनची मागणी होती. नमस्कार.