धागा तुटला की थांबायचं : टोयोटाची गोष्ट

[दृश्य : नागोया. लाल विटांची जुनी गिरणी. आतून यंत्रमागांचा खडखडाट.]

जपानमधल्या नागोया शहरातली ही इमारत. एके काळी इथे सूत कातलं जायचं, कापड विणलं जायचं. आता हे टोयोटाचं संग्रहालय आहे. जगात सर्वाधिक मोटारी विकणाऱ्या कंपन्यांमध्ये जिचं नाव घेतलं जातं, तिच्या संग्रहालयात शिरल्यावर आधी समोर येतात ते माग. ते नुसते मांडून ठेवलेले नाहीत, आजही चालवून दाखवतात.

या मागाकडे जरा जवळून बघा. हा १९२४ सालचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग. आडवा धागा नेणारा धोटा इतक्या वेगानं ये-जा करतोय की त्यावर नजर ठरत नाही. धोट्यातलं सूत संपत आलं की माग न थांबता आपोआप दुसरा धोटा घेतो. आता ताण्याकडे बघा. उभ्या धाग्यांवर एकेक पातळ धातूची पट्टी टांगलेली आहे. धागा ताठ असेपर्यंत पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली घसरते, यंत्रणा अडते आणि…

[आवाज एकदम बंद. चार सेकंद शांतता.]

माग थांबला. कुणी थांबवला नाही, त्याचा तो थांबला.

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांचं आयुष्य यंत्रमागांच्या आवाजात गेलंय, त्यांना या शांततेची किंमत सांगायला नको. तुटलेला धागा लक्षात आला नाही, तर पुढचं सगळं कापड दोषी निघतं. ते मग कमी भावात जातं. म्हणून कामगाराला मागासमोर डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. या मागानं ती राखण स्वतःकडे घेतली आणि एकेक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला.

हा माग बनवणारे साकिची टोयोडा १८६७ साली आजच्या कोसाई शहराजवळच्या एका खेड्यात जन्मले. वडील सुतार होते. आई घरी हातमागावर विणायची आणि मुलगा ते कष्ट बघत मोठा झाला. आधी त्यांनी लाकडी हातमाग सुधारला, मग वाफेवर चालणारा माग केला, आणि पुढची कितीतरी वर्षं एकेक दोष शोधून काढत राहिले. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं त्यांच्या मागाचं पेटंट घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. जगाला कापडाची यंत्रं विकणारं इंग्लंड आता एका जपानी सुताराच्या मुलाकडून यंत्राची विद्या विकत घेत होतं.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. सुटी केलेली मोटार, जमिनीवर मांडलेले भाग.]

साकिचींचा मुलगा किइचिरो इंजिनिअर होता. त्याच्या डोक्यात मोटार होती. १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग सुरू झाला. अमेरिकन गाड्या आणून त्यांचा नट न् नट सुटा केला गेला. १९३५ मध्ये ‘जी-१’ हा ट्रक बाजारात आला. हे ट्रक रस्त्यात सारखे बंद पडायचे. टोयोटाचं नाव घेताच आज ज्या भरवशाची आठवण होते, तो पहिल्या दिवशी नव्हता. कंपनीची माणसं बिघडलेल्या ट्रकपाशी जायची, दुरुस्त करायची आणि काय तुटलं ते कारखान्यात येऊन सांगायची. माझ्या मते या कंपनीची खरी शाळा ती होती.

घराण्याचं आडनाव टोयोडा, म्हणजे सुपीक भातशेत. १९३६ साली मोटारीसाठी नवं चिन्ह मागवलं गेलं, हजारो लोकांनी पाठवलं आणि त्यातून नाव ठरलं टोयोटा. जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहून होतं, आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. तिचा कारखाना ज्या कोरोमो गावात उभा राहिला, त्या गावाचं नावच १९५९ साली टोयोटा झालं.

मधे युद्ध झालं, जपान हरला. १९४९-५० च्या मंदीत कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. कुणालाही कामावरून काढणार नाही, असा शब्द किइचिरोंनी दिला होता. तो पाळता आला नाही. दीड हजारांहून जास्त माणसांना घरी जावं लागलं. जून १९५० मध्ये किइचिरोंनी स्वतः राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या शेवटी कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्यानं ट्रकांची मागणी नोंदवली आणि कंपनी तरली. किइचिरोंना परत बोलावायचं ठरलं. पण ते परतण्याआधीच, मार्च १९५२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी गेले. कोरोला त्यांनी पाहिली नाही. लँड क्रूझर हे नावसुद्धा त्यांच्यानंतरचं.

[दृश्य : कारखान्यातली जुळणीची रांग. डोक्यावरून जाणारी दोरी.]

आता या दोरीकडे बघा. गाडी जुळवताना कामगाराला काही चुकल्यासारखं वाटलं, बोल्ट नीट बसला नाही किंवा रंगावर ओरखडा दिसला, तर तो ही दोरी ओढतो. फलकावर दिवा लागतो, एक धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली तर ठीक, नाही सुटली तर सगळी रांग थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी रागवत नाही. न ओढता दोष पुढे ढकलला, तर ती चूक.

मागावरची पट्टी इथे दोरी झाली होती. हे घडवून आणणारे ताईइची ओनो स्वतः टोयोडांच्या कापडधंद्यातून मोटारीकडे आले होते. स्वतःहून थांबण्याच्या या पद्धतीला जपानीत ‘जिदोका’ म्हणतात. ‘आपोआप चालणारं’ असा नेहमीचा शब्द लिहिताना टोयोटावाले त्यातल्या हालचालीच्या अक्षराला माणसाचं चिन्ह जोडतात. उच्चार तोच राहतो, पण लिहिताना यंत्राशेजारी माणूस उभा राहतो.

ओनोंची दुसरी गोष्ट म्हणजे लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. मूळ कल्पना किइचिरोंची. ओनोंनी ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून पुढे नेली : गिऱ्हाईक फडताळातून जेवढं उचलतं, तेवढंच मागून भरायचं. कारखान्यात त्यासाठी ‘कानबान’ नावाची कार्डं फिरू लागली. गोदामात माल साठवून ठेवला की त्याखाली चुका झाकल्या जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खडूनं जमिनीवर वर्तुळ काढायचे, नव्या इंजिनिअरला त्यात उभं करायचे आणि म्हणायचे, बघ. तासन्‌तास. काय वाया जातंय ते दिसेपर्यंत. दोष सापडला की ‘का’ हा प्रश्न एकदा विचारून थांबायचं नाही, पाचदा विचारायचा.

[दृश्य : अमेरिकेतले रुंद महामार्ग, १९५० चं दशक.]

१९५७ साली टोयोटानं आपली क्राउन ही गाडी अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर ती उत्तम चालत होती. अमेरिकेच्या महामार्गांवर मात्र वेग घेताना तिला धाप लागायची, इंजिन तापायचं. १९५८ मध्ये तिथे २८७ क्राउन आणि १ लँड क्रूझर विकली गेली. एवढीच विक्री. काही वर्षांतच टोयोटानं तिथली मोटारींची निर्यात थांबवली. नमतं घेऊन परत येणं सोपं नसतं. पण ते आले, पुन्हा कामाला लागले आणि १९६५ मध्ये त्या रस्त्यांसाठी घडवलेली कोरोना नावाची गाडी घेऊन गेले. १९६६ मध्ये कोरोला आली. तिचे मुख्य इंजिनिअर तात्सुओ हासेगावा पूर्वी विमानं आखायचे. सामान्य कुटुंबाला परवडेल आणि तरी कमीपणा वाटणार नाही, अशी ही गाडी. पुढे तिचा खप पाच कोटींच्या वर गेला.

जिथे रस्ते संपतात तिथे हायलक्स आणि लँड क्रूझर पोचल्या. सहाराच्या वाळूत, आफ्रिकेतल्या मदतछावण्यांत, खाणींत. १९८७ मध्ये आफ्रिकेतल्या चाड देशाच्या सैनिकांनी टोयोटाच्या पिकअपमधून लिबियाच्या रणगाड्यांना हरवलं, आणि त्या लढाईला जगानं ‘टोयोटा युद्ध’ म्हटलं. कंपनीनं मागून घेतलेलं हे नाव नव्हे, पण गाडी किती दणकट याची चर्चा त्यानंतर जगभर झाली.

[दृश्य : वॉशिंग्टन. अमेरिकी संसदेचं सभागृह, २४ फेब्रुवारी २०१०.]

आणि मग तो धागा तुटला, पण माग वेळेवर थांबला नाही.

२००८ मध्ये टोयोटानं विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात टोयोटाच्याच लेक्सस या महागड्या गाडीत ॲक्सिलरेटरचं पेडल चुकीच्या मॅटखाली अडकलं आणि एकाच गाडीतली चार माणसं गेली. त्यानंतर अडकणाऱ्या पेडलच्या तक्रारी पुढे आल्या. जगभरातून लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोंचे नातू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बसले. आमच्या वाढीचा वेग माणसं तयार करण्याच्या वेगापुढे गेला, अशी कबुली त्यांनी तिथे दिली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असल्याचा पुरावा तपासात सापडला नाही. पण ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ साली कंपनीला अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरावे लागले. पेडलच्या दोषापेक्षा मला हे जास्त लागतं. दोरी ओढायला शिकवणाऱ्या कंपनीत, वरच्या मजल्यावर दोरी कुणी ओढली नव्हती.

२०२४ मध्येही गाड्यांच्या प्रमाणन चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचं टोयोटानं मान्य केलं आणि जपानमध्ये तीन मॉडेलांचं उत्पादन थांबवलं. लौकिक एकदा मिळवला की संपलं, असं नसतं. रोज सकाळी पहिल्या पाळीला तो नव्यानं मिळवावा लागतो.

[दृश्य : किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर.]

आता आपल्याकडे येऊ. साकिची टोयोडांच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, १८६९ साली, बेळगावजवळ गुर्लहोसूरला लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. सायकलच्या दुकानापासून सुरुवात झाली, मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी तो नांगर घेईनात. तरी हा माणूस हटला नाही. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकाची सुरुवात मागापासून झाली, दुसऱ्याची नांगरापासून, आणि दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल.

त्यांच्या पुढच्या पिढ्या मात्र भेटल्या. १९९५ मध्ये किर्लोस्कर आणि टोयोडा एकत्र आले ते कापडगिरण्यांची यंत्रं बनवायला. मोटार त्यानंतर, १९९७ मध्ये. जपानमधला तोच क्रम इथेही : आधी सूत, मग चाक. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर या भागीदारीचा चेहरा होते. बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना झाला आणि २००० साली क्वालिस रस्त्यावर आली.

क्वालिस आठवते? चौकोनी, पेटीसारखी. दिसायला जुनाट म्हणून नावं ठेवली गेली. पण अष्टविनायकाला निघालेली दोन कुटुंबं, छपरावर बांधलेल्या बॅगा, मागच्या सीटवर आडवी झालेली पोरं आणि डब्यातले धपाटे, हे सगळं पोटात घेऊन ती घाट चढायची. चांगली खपत असतानाच, २००५ मध्ये, टोयोटानं तिचं उत्पादन थांबवलं. लोक हळहळले. तिच्या जागी इनोव्हा आली, आणि पुढे काय झालं ते कुठल्याही लग्नाच्या कार्यालयाबाहेर किंवा मंत्र्यांच्या ताफ्यात दिसतं. लाखभर किलोमीटर झालेली इनोव्हा विकायला काढली तर घेणारा आधी रंग बघत नाही, किती सांगता ते विचारतो.

२५ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम किर्लोस्कर मुंबईत नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या अनावरणाला उभे होते. चार दिवसांनी ते गेले.

[दृश्य : छत्रपती संभाजीनगर. पैठण रस्ता, दुतर्फा मोकळं रान.]

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटी रुपयांचा कारखाना. जागा बिडकीनची, म्हणजे पैठणच्या वाटेवर. या बातमीत मला आकड्यापेक्षा हा रस्ता जास्त महत्त्वाचा वाटला.

याच रस्त्यानं पुढे गेलं की पैठणात आजही हातमागावर पैठणी विणली जाते.

[दृश्य : पैठणीचा माग. जवळून.]

रेशमाचा एक धागा तुटतो. विणणाऱ्या बाईचा हात जागच्या जागी थांबतो. ती वाकते, दोन्ही टोकं शोधते, चिमटीत धरून गाठ मारते. अंगठ्यानं गाठ चाचपून बघते.

[माग पुन्हा सुरू होतो. पडदा काळा. आवाज तसाच चालू.]