थेंबाचा कारखाना

रावेर-यावलकडे केळीला पाणी भरणं म्हणजे दारं धरणं. रात्री वीज आली की फावडं घेऊन निघायचं. एक दारं फोडायचं, दुसरं बुजवायचं. पाणी वाफ्यात पोचेपर्यंत पाटातच बरंच मुरून जायचं.

हे पाणी नळीत घालणाऱ्या जळगावच्या कारखान्याची गोष्ट मात्र रॉकेलपासून सुरू होते. साल 1963. अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या वाकोदचे भवरलाल जैन. शिक्षण वकिलीचं, सरकारी नोकरीची संधीही चालून आलेली. ती सोडून ते रॉकेल विकू लागले. भांडवल 7,000 रुपये, तेही घरच्यांनी साठवलेले. पुढे शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी आल्या.

1978 मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा कारखाना विकत घेतला आणि तिथं काढलं पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. कच्च्या पपईला पहाटे ब्लेडने चिरा द्यायच्या अन् खाली भांडं धरायचं. पांढरा चीक थेंब थेंब गळतो. तो शुद्ध करून परदेशी जायचा. रॉकेल झालं, चीक झाला. पाणी तेवढं राहिलं होतं!

1980 मध्ये पीव्हीसी पाइप सुरू झाले, 1986 मध्ये जैन इरिगेशन सिस्टिम्स स्थापन झाली आणि दशक सरता सरता ठिबक आलं. ठिबकचं आधुनिक रूप इस्रायलचं, सिम्खा ब्लास या इंजिनिअरने घडवलेलं. 2007 मध्ये जळगावच्या याच कंपनीने नानदान या इस्रायली ठिबक कंपनीत निम्मा हिस्सा घेतला.

आता हा बटणाएवढा ड्रिपर. तासाला 4 लिटर पाणी देणारा. उघडून पाहा: आत नागमोडी वाट आहे. वळणावळणावर पाणी आपटतं, मोटारीचा दाब खर्ची पडतो, तोंडाशी उरतो थेंब. मग सरळ बारीक भोकच का नाही पाडलं? कारण ते कचऱ्याच्या पहिल्या कणानेच बुजलं असतं. वाट लांब आणि वाकडी केली, म्हणून ती रुंद ठेवता आली.

तरी वाळू, शेवाळ, क्षार यांच्याशी रोजची झटापट असतेच. म्हणून मोटारीजवळ आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा.

आणि एवढं करूनही केळीच्या ओळीच्या टोकाला कुणीतरी वाकलेलं दिसतंच. नळीचं तोंड सोडलं की आधी तांबूस, गढूळ पाणी उसळतं. ते नितळ होईस्तोवर तो थांबतो, नळी दुमडतो, कडी सरकवतो आणि पुढच्या ओळीला जातो.