सुपारी, चुना आणि न भरणारी जखम

(दृश्य: विदर्भातला पानठेला. पन्नीत खर्रा घोटला जातोय.)

बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू, वर ओला चुना. घोटता घोटता मिश्रण ओलसर, लालसर होत जातं. त्या रंगाकडे लक्ष द्या. तोंडात जाण्याआधीच त्यात ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनशी होणारी रासायनिक प्रक्रिया, सुरू झालेलं आहे. तिथून तोंडाच्या कर्करोगापर्यंतची वाट पाहू.

लाळेचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; 7 म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्कली) एरवी 7 च्या आसपास असतो. चुन्यामुळे तोबरा धरलेल्या जागी तो 9.5 च्याही वर जाऊ शकतो. तिथे सुपारीतली पॉलिफेनॉल्स (तुरट चवीची वनस्पतिद्रव्यं) आपोआप ऑक्सिडाइझ होतात, आधी सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं आक्रमक रूप आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हे पेरॉक्साइड पेशीत सहज शिरतं. आत त्याला तांबं किंवा लोह भेटलं, की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय आक्रमक कण जन्मतो. तांबं तर सुपारीतच भरपूर असतं.

हा रॅडिकल सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे जन्मतो तिथलंच काहीतरी मोडतो. डीएनएजवळ असला तर बहुधा ग्वानिन, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी'. ग्वानिनची जोडी खरं तर सायटोसिन या अक्षराशी; बिघडलेलं ग्वानिन अॅडेनिन या दुसऱ्याच अक्षराशीही जुळतं. पुढच्या नकलांमध्ये 'जी'च्या जागी 'टी' (थायमिन) येऊन बसतो. दुरुस्ती करणारी एन्झाइम्स अशा चुका रोज काढत असतात, पण गालात तासन् तास तोबरा असेल तर ती मागे पडतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या आतल्या अस्तराचा काप.)

इथून दाह, म्हणजे इजेला शरीराने दिलेली सूज-लालीची प्रतिक्रिया, सुरू होतो. चुन्याने पोळलेल्या, सुपारीने खरचटलेल्या अस्तराकडे पांढऱ्या पेशी धावतात, आणि त्या स्वतःही सुपरऑक्साइड सोडतात. जंतू मारायचं हे हत्यार इथे शेजारच्या निरोगी पेशींवर चालतं. सोबत टीएनएफ, आयएल-6 या प्रथिनांमार्फत पेशींना निरोप जातात: वाढा, मरू नका. जखम भरताना हे निरोप हवेतच. पण रोज नवी जखम होत असेल, तर डीएनए बिघडलेल्या पेशीलाही तोच निरोप मिळतो. कर्करोगाच्या गाठीच्या मुळाशी दीर्घ दाह असावा, असं जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी 1863 मध्येच मांडलं होतं.

दाहाबरोबर गाल कडकही होतो. सुपारीतलं अॅरेकोलिन हे रसायन कोलॅजन, म्हणजे ऊतींमधलं धाग्यांसारखं प्रथिन, वाढवतं, तांबं त्याचे धागे घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. केरळातल्या एर्नाकुलममधल्या अशा रुग्णांचा 17 वर्षं मागोवा घेतला, तेव्हा 7.6 टक्के जणांना कर्करोग झाला.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी" हे वाक्य म्हणूनच काळजीचं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात सुपारीलाच कर्करोगकारक म्हटलं आहे.

(दृश्य: आरसा.)

आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. दोनच मावली, तिखट झोंबू लागलं, गाल आतून पांढुरका दिसला, तर सुपारी त्याच दिवशी थांबवा आणि दंतवैद्याला दाखवा. कडक झालेले पट्टे सुपारी सोडल्यावरही बहुधा पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. एखादा व्रण 2 आठवड्यांत भरला नाही, तर त्याचा तुकडा तपासून घ्यावा.