पाचपैकी पाच

(कृष्णधवल दृश्य. रात्रीचं वेम्ब्ली. इंजिनांचा आवाज चढत जातो.)

१० सप्टेंबर १९३६. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम. स्पीडवे या मोटारसायकल शर्यतींच्या खेळाचा पहिलावहिला जगज्जेता आज ठरणार आहे आणि ते बघायला ७० हजारांवर माणसं जमली आहेत. २५ वर्षांचा एक ऑस्ट्रेलियन रायडर त्याच्या वाट्याच्या पाच शर्यतींसाठी उतरतो. पहिली जिंकतो. दुसरी जिंकतो. तिसरी, चौथी आणि पाचवीही.

तरी निकालाच्या तक्त्यात त्याचं नाव तिसरं लागतं.

आर्थर जॉर्ज विल्किन्सन हे त्याचं कागदोपत्री नाव. त्या नावाने त्याला फारसं कुणी हाक मारली नाही. ऑस्ट्रेलियात तांबड्या केसांच्या माणसाला गमतीने ‘ब्लूई’ म्हणतात, म्हणजे ‘निळ्या’. आपल्याकडे एखाद्या काळ्यासावळ्या पोराला घरचेच ‘गोऱ्या’ म्हणतात ना, तसंच. ब्लूईचा जन्म १९११ सालचा, न्यू साउथ वेल्समधल्या मिलथॉर्प या छोट्या गावातला. तो वाढला सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या बॅथर्स्टमध्ये. तिथे एका खाटकाच्या दुकानात तो कामाला होता आणि तिथल्याच ट्रॅकवर त्याला या खेळाचं वेड लागलं.

(मोटारसायकल जवळून. चाक, हँडल, मग रायडरच्या डाव्या पायातला लोखंडी तळ.)

ही गाडी नीट बघा. हिला ब्रेक नाही. चुकून राहिलेला नाही, मुद्दामच बसवलेला नाही. एका वेळी चार रायडर, लंबगोल ट्रॅक, चार फेऱ्या, आणि वळणं सगळी डावीकडे. वळण आलं की रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो. गाडीचं तोंड आत, पुढचं चाक उलट बाजूला वळलेलं, डावा पाय जमिनीवर. या घसरण्यातच गाडी वळते. वेग कमी करायचा तोही असाच. मागे येणाऱ्याच्या तोंडावर ट्रॅकवरची नुसती बारीक खडी उडते. शर्यत एका मिनिटाच्या आसपास आटोपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा.

या खेळाला आकार आला तो १९२०च्या दशकात ऑस्ट्रेलियात. फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळच्या हाय बीचला मोठी शर्यत झाली, तिथेही ऑस्ट्रेलियन रायडर होते. इंग्लंडला खेळाची चटक लागली आणि ऑस्ट्रेलियन पोरांना वाट सापडली. ब्लूई १९२९ मध्ये बोटीने निघाला, कित्येक आठवडे समुद्र कापत. विशीही गाठली नव्हती त्याने.

त्याला संघ मिळाला वेस्ट हॅम, पूर्व लंडनमधला. ट्रॅक कस्टम हाउस नावाच्या, गोद्यांच्या भागात. ब्रिटनमधली त्याची सगळी कारकीर्द याच एका संघाकडून झाली, आणि मला ब्लूई आवडतो त्याचं हेही एक कारण आहे. १९३७ मध्ये वेस्ट हॅमने नॅशनल लीग ही संघांची स्पर्धा जिंकली, तेव्हा तो संघाचा कणा होता.

(पुन्हा वेम्ब्ली, १९३६. गुणांचा तक्ता.)

आता त्या तक्त्याकडे वळू. अंतिम फेरीआधी रायडरांना पात्रता शर्यती खेळाव्या लागत आणि तिथल्या कामगिरीचे बोनस गुण घेऊनच ते वेम्ब्लीत उतरत. ब्लूईकडे बोनस होता १०. त्या रात्रीचे १५ मिळवून झाले २५. ऑस्ट्रेलियाच्याच लायोनेल व्हॅन प्रागने रात्री १४ मिळवले, बोनस १२, म्हणजे २६. इंग्लंडच्या एरिक लँग्टनचे रात्रीचे १३ आणि बोनसही १३. तेही २६.

मग बरोबरीत असलेल्या त्या दोघांची आणखी एक शर्यत झाली. शेवटच्या वळणावर व्हॅन प्राग पुढे निसटला आणि जगज्जेता झाला. मोठा रायडर होता तो, त्याच्या विजयाला बोल लावायचं कारण नाही. नियम आधीपासून सगळ्यांना ठाऊक होते, हेही खरं. पण त्या रात्री जो एकदाही हरला नाही, त्याने ती निर्णायक शर्यत ट्रॅकबाहेरून बघावी, हे मला आजही पटत नाही.

(१ सप्टेंबर १९३८. तेच मैदान.)

दोन वर्षांनी ब्लूई पुन्हा तिथे आला, तो खांदा घट्ट बांधून. अंतिम फेरीच्या तोंडावर एका शर्यतीत पडून त्याचा कॉलरबोन मोडला होता. ब्रेक नसलेली गाडी हँडल घट्ट धरून घसरवायची, तीही मोडक्या खांद्याने, एकदा नाही, पाच वेळा. समोर होता आदल्या वर्षीचा विजेता, अमेरिकेचा जॅक मिल्न.

ब्लूईने चार शर्यती जिंकल्या आणि एकीत दुसरा आला. रात्रीचे १४, बोनससह २२. मिल्न एका गुणाने मागे राहिला. खाटकाच्या दुकानातला पोरगा जगज्जेता झाला होता.

जिंकला आणि थांबला. वय २७. पुढच्या हंगामात तो शेफील्डच्या ट्रॅकचा प्रवर्तक झाला, स्वतः शर्यती भरवू लागला. १९३९ची अंतिम फेरी ७ सप्टेंबरला व्हायची होती, पण चार दिवस आधी ब्रिटन युद्धात उतरलं. इंजिनं थंडावली.

(सिडनी. रोज बेचा रस्ता. पार्श्वसंगीत नाही.)

२७ जुलै १९४०. सिडनीच्या रोज बे भागात साध्या रस्त्यावर ब्लूईच्या मोटारसायकलची ट्रकशी टक्कर झाली. त्यात तो गेला. एकोणतिसाव्या वाढदिवसाला बरोबर एक महिना उरला होता.

युद्धानंतर जागतिक अंतिम फेरी पुन्हा सुरू झाली ती १९४९ मध्ये, वेम्ब्लीलाच. या वेळी बोनस गुण नव्हते. त्या रात्री ट्रॅकवर मिळतील तेवढेच गुण धरले गेले. ब्लूई तेव्हा ३८ वर्षांचा असता.