लिलावातली गाडी आणि तिचे कागद

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, आजचा विषय ‘जाहीर लिलावातून जुनी गाडी घेताना बोली किती लावावी’ असा छापला आहे. त्या आकड्यापर्यंत मी येणारच आहे. पण आधी ‘लिलाव’ या शब्दाविषयी बोलणे मला भाग आहे, कारण अकरा महिन्यांचा मनस्ताप मी या एका शब्दापायी सोसला.

आपण दोन निराळ्या व्यवहारांना लिलाव म्हणतो. पहिला सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० मध्ये त्याची वेगळी सोय आहे. ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ भरून, विक्री कायम झाल्याच्या आदेशासह आरटीओकडे अर्ज केला, की आधीच्या मालकाच्या सहीवाचून गाडी आपल्या नावावर होऊ शकते. दुसरा लिलाव बँका आणि वित्तसंस्था हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्यांचा करतात. जाहिरात तशीच, अनामत रक्कम तशीच, बोलीही तशीच चढते. पण तिथे नमुना ३२ चालत नाही. तिथे मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर नोंदणीकृत मालकाची सही लागते, आरटीओच्या नोंदीतला कर्जाचा बोजा उतरवायला नमुना ३५ लागतो. आणि मालक सापडत नसेल किंवा आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, देत नसेल, तर कर्ज देणाऱ्याने नमुना ३६ भरून आधी आरसी स्वतःच्या नावे करून घ्यावी आणि मगच गाडी विकावी, असा मार्ग आहे.

हा मार्ग मला तेव्हा ठाऊक नव्हता. चाकणच्या बाहेर एका यार्डात, पावसाळा नुकताच संपलेला असताना, मी एक पांढरी गाडी पाहिली. चाकांभोवती गुडघाभर गवत वाढले होते. यार्डाच्या नियमाप्रमाणे इंजिन सुरू करून पाहता येत होते, गाडी जागची हलवता येत नव्हती. पावतीवर ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ असे छापलेले होते. डॅशबोर्डचा कप्पा उघडला तेव्हा आत चार घड्या घातलेले शाळेचे वेळापत्रक निघाले. चित्रकलेच्या तासाभोवती लाल खडूची चौकट होती. ही गाडी कुणाच्या तरी घरातून आलेली आहे, हे मला त्या कागदाने सांगितले. तरीही मी बोली लावली, ती माझ्यावर सुटली आणि सात दिवसांत सगळे पैसे भरून मी गाडी घरी आणली.

आरटीओत गेल्यावर कळले, की आरसी मूळ मालकाच्याच नावावर आहे. कर्ज देताना कोऱ्या नमुन्यांवर घेऊन ठेवलेली त्यांची सही नोंदीतल्या सहीशी जुळेना. वित्तसंस्था म्हणे, नाव बदलणे हे आरटीओचे काम. आरटीओतले कर्मचारी म्हणत, नमुना ३६ आणा. विमा माझ्या नावे निघेना, त्यामुळे गाडी दारातच उभी राहिली. अखेरीस मी मूळ मालकांचा पत्ता शोधून त्यांच्या घरी गेलो. गाडी विकली गेल्याचे त्यांना माझ्याकडूनच समजले. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे मी ती गाडी रस्त्यावर काढली असती आणि काही घडले असते, तर हप्ते बुडाल्याने आधीच मोडलेल्या त्या माणसाच्या दारात नोटीस गेली असती. ते स्वतः माझ्याबरोबर आरटीओत आले आणि त्यांनी सह्या केल्या. मी वेळापत्रक परत दिले. ज्या व्यवहारात दोन्ही टोकांची माणसे अंधारात राहतात, त्याला जाहीर म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून आकड्याचे थोडक्यात सांगतो. त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या गाडीचा बाजारभाव धरा. त्यातून थकलेला कर, ई-चलनांचा दंड, नवा विमा, बॅटरी, टायर आणि नावावर करण्याचा खर्च वजा करा. १५ वर्षे उलटलेली खासगी गाडी असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण करही धरा. उरलेल्या आकड्याच्या वर हात उचलू नका. आरसी कुणाच्या नावावर आहे, हे अनामत भरण्याआधी लेखी मागा. मिळाले नाही, तर बोलीच लावू नका.

सरकारी जीप स्वस्तात घेण्याचा विचार असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी वाढवून मिळत नाही. ती भंगारातच जातात.

शेवटचे, पुराच्या गाड्यांविषयी. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत आणि २०१९ नंतर सांगली-कोल्हापुरात पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला आल्या. सीट पुसता येते, कार्पेट बदलता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या वेटोळ्यावर गाळाची रेघ राहिलेली असते. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यातही बोट फिरवा. नमुना ३२ आणि ३६ च्या प्रती मी दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना अवश्य घेऊन जा.